कर्नलला सुरुवातीलाच सांगावे

महोदय,

संगणक सुरू होताना पडदा काळाच राहिला की अनेकजण थेट सगळे नव्याने इन्स्टॉल करायला बसतात, याची हळहळ वाटते. लिनक्समध्ये ग्रब या, संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत ‘ई’ कळ दाबून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहिले, तर ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याची मांडणी हाती घेत नाही आणि बहुधा कामापुरते चित्र दिसू लागते. शिवाय हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो. त्याच ओळीतला, सुरू होतानाचे संदेश दडवणारा ‘क्वाएट’ (quiet) हा शब्द खोडल्यास गाडी नेमकी कुठे अडली तेही कळते. मात्र स्पेलिंग चुकले, तरी कर्नल सहसा थांबत नाही, अनोळखी शब्द ‘इनिट’कडे, म्हणजे त्याने सुरू केलेल्या पहिल्या प्रोग्रामकडे, सोपवतो (हा त्याचा समजूतदारपणा मला तरी गैरसोयीचा वाटतो), म्हणून नंतर ‘प्रॉक’ फोल्डरमधील ‘सीएमडीलाइन’ फाइल (/proc/cmdline), जिच्यात कर्नलला मिळालेली ओळ असते, उघडून ओळ ताडून पाहावी.

— एक वाचक