आई, डोळे पुसायच्या आधी जरा हे वाच

आई, बाबा,

फोनवर सगळं नीट बोलणं होत नाही, मधेच कुकरची शिट्टी नाहीतर शेजारच्या काकू, म्हणून लिहितेय. आई, परवा तू म्हणालीस, तू दिवसभर लोकांच्या डोळ्यातलं पाणीच तपासतेस ना, मग माझं पण ने थोडं आणि सांगून टाक काय झालंय ते, त्यासाठी पुण्याला कशाला यायचं. तेव्हा मी लॅबमध्ये होते, नंतर सांगते म्हटलं आणि राहूनच गेलं.

आधी एक गोष्ट बोलून टाकते. तुझे डोळे आठ महिने पाणावतायत, सकाळी पापण्या सुजतात, हे मी व्हिडिओ कॉलवर रोज बघत होते आणि तिकडच्या डॉक्टरांनी अॅलर्जी म्हणून ड्रॉप दिले तर मीही म्हटलं असेल धुळीने. दिवाळीचा फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं, तुझ्या बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसतोय, वरची पापणी मागे ओढल्यासारखी. त्या रात्री झोपच लागली नाही मला. आत्या म्हणाली ना हळदीकुंकवात, वहिनी हल्ली रागाने बघतात, आणि त्यानंतर तू फोटोत उभी राहायचंच सोडलंस. आई, तो राग नाहीये गं, तो तुझ्या थायरॉइडचाच आजार आहे. १८३५ मध्ये डब्लिनच्या ग्रेव्हज नावाच्या डॉक्टरने याचं वर्णन केलंय, म्हणून ग्रेव्हज म्हणतात.

होतं काय, की शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्या ग्रंथीला सारखं डिवचतात म्हणून तुझी धडधड, हाताची थरथर, वजन उतरणं. पण त्यांना जी खूण ओळखायची असते ती डोळ्यामागच्या पेशींवर पण असते, मग तिथली चरबी वाढते, स्नायू सुजतात, पाणी धरणारा चिकट पदार्थ साठतो. डोळ्याची खोबण हाडाची, मागे सरकायला जागाच नाही, म्हणून डोळा पुढे येतो. पापणी पूर्ण मिटत नाही, वरचा थर सुकतो आणि सुकला की डोळा आणखी पाणी सोडतो. म्हणजे तू सारखी पदराने पुसतेस ते पाणी कोरडेपणाचं आहे, विचित्र वाटेल पण तसंच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. आम्ही खालच्या पापणीत ३५ मिमी लांबीची कागदाची पट्टी अडकवतो, शर्मर म्हणतात तिला, ५ मिनिटं ठेवतो, किती मिमी भिजली ते बघतो आणि मग ती पट्टी उणे ८० डिग्रीला ठेवून नंतर त्यातली प्रोटीन मोजतो. काही ठिकाणी बारीक काचेच्या नळीने घेतात. डोळ्यात एका वेळेला ७ मायक्रोलिटरच्या आसपासच पाणी असतं, ड्रॉपच्या एका थेंबापेक्षा कितीतरी कमी. म्हणून बाटलीत भरून पाठवू नकोस, कांदा चिरताना येतं किंवा रडून येतं ते पाणी पातळ असतं, त्यात आम्हाला हवं ते फारसं सापडत नाही. डोळ्याला धक्का न लावता, शांत बसलेल्या माणसाचं पाणी लागतं.

आणि सापडतं काय, तर सुजेचे निरोप नेणारी प्रोटीन, इंटरल्युकिन ६, इंटरल्युकिन १ बीटा वगैरे. ज्यांचा डोळ्यांचा आजार पेटलेला असतो त्यांच्या पाण्यात ही जास्त मिळतात असं बऱ्याच अभ्यासात दिसलंय. अश्रूग्रंथीवर पण थायरॉइडवाली तीच खूण असते, म्हणून पाण्याची घडणच बदलते. मला हे काम आवडतं ते यासाठीच, रक्त सगळ्या शरीराचं सांगतं आणि हे पाणी डोळ्याच्या शेजारचं सांगतं. तुझा थायरॉइडचा रिपोर्ट गोळ्यांनी नॉर्मल आला तरी डोळ्यातला आजार चालूच राहू शकतो, तो निरोप रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये नसतो.

पण आई, हे अजून रोजच्या तपासणीत आलेलं नाही. इंटरल्युकिन ६ साध्या कोरड्या डोळ्यात पण वाढतं, अॅलर्जीत पण वाढू शकतं. नुसत्या पट्टीवरून मी तुला डोळ्यातला आजार पेटलाय असं म्हणाले तर ते खोटं होईल, आणि तुझ्या बाबतीत मला अंदाजाने बोलायचं नाहीये. आज डॉक्टर ७ लक्षणं बघतात, डोळा हलवताना दुखतो का, लाली, पापणीची सूज अशी, त्यातली ३ किंवा जास्त असतील तर आजार पेटलेला धरतात. मग डोळा किती पुढे आलाय ते मोजतात, लागलं तर स्कॅन. हे ठरणं महत्त्वाचं कारण सूज चालू असतानाच स्टेरॉइडचा उपयोग होतो, साधारण १२ आठवडे, आठवड्यातून एकदा सलाईनमधून. सूज निवून आत सगळं कडक झालं की ती वेळ गेली. आठ महिने आधीच गेलेत, मला धडकी भरते ती याचीच.

एक काम आजच कर. देवघरातली कुंकवाची डबी घे, एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसला, किंवा दोन्ही डोळे उघडे असताना दोन दोन दिसायला लागलं, तर शुक्रवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, रात्र असली तरी मला फोन कर. आत दाटी होऊन डोळ्याची मुख्य नस दाबली जाते तेव्हा रंग फिका दिसतो, आणि स्नायू सुजून डोळे एकत्र हलेनासे झाले की दोन दोन दिसतं.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही ओसरीवर बसून सिगारेट ओढता आणि आई तिथेच भाजी निवडत बसते. सिगारेटने हा आजार जास्त होतो, जास्त वाढतो आणि औषधाचा गुण पण कमी येतो, हे पक्कं माहीत आहे. दुसऱ्याचा धूर पण नकोच. तुम्ही चाळीस वर्षं ओढताय, एका पत्राने सुटणार नाही हे कळतं मला, पण आईचे डोळे बरे होईपर्यंत तरी घरात नको, पाया पडते.

शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीय. एसटीने या, आईला अर्धं तिकीट आहेच, नाहीतर कोयनेने या, मी स्टेशनवर येते. जुने सगळे थायरॉइडचे रिपोर्ट पिशवीत घाला, गोळ्यांची स्ट्रिप पण, आणि आईचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो, मामाच्या लग्नातला चालेल. तोवर आई उशाला दोन उशा घे, झोपताना डोळे उघडे राहतात का ते बाबांना बघायला सांग, बाहेर पडताना गॉगल लाव, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

पट्टीपण लावीन तुला, मीच लावीन. थोडं टोचतं, ५ मिनिटं फक्त.

तुमची,
ताई