मा. शालेय शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र : न ऐकता दिलेले अठरा गुण

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : दहावीच्या इंग्रजी (तृतीय भाषा) विषयातील २० गुणांची तोंडी परीक्षा

महोदय,

सादर नमस्कार.

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीच्या वर्गात शिकते. मागील आठवड्यात तिच्या वर्गाची इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली. झाली असे कागदोपत्री म्हणावे लागते, कारण बेचाळीस मुलांची परीक्षा एका तासिकेत, म्हणजे पस्तीस मिनिटांत आटोपली. मुलांना बैठक क्रमांकानुसार रांगेत उभे केले, प्रत्येकाची तपकिरी वेष्टनाची तोंडी परीक्षेची वही पाहिली आणि यादीवर सही घेतली. सही करताना मुलांना समोरच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेले गुण दिसत होते. बहुतेकांना अठरा होते आणि काहींना एकोणीस. माझ्या मुलीला अठरा मिळाले आहेत.

या परीक्षेसाठी ती आठ दिवस तयारी करत होती. आजीच्या शिवणयंत्राविषयी तीन मिनिटे इंग्रजीत बोलायचे, असे तिने स्वतःच ठरवले होते. गाईडमध्ये तो विषय नाही, म्हणून वाक्येही तिची तिनेच जुळवली होती. 'ट्रेडल'चा, म्हणजे यंत्राच्या पायपट्टीसाठीच्या शब्दाचा, उच्चार नीट यावा म्हणून ती मोबाइलवर तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होती आणि आरशासमोर उभी राहून बोलून पाहत होती. परीक्षेच्या दिवशी घरी आल्यावर तिने दप्तर खाली ठेवले आणि मला विचारले, "आई, मी काही बोललेच नाही, मग मला अठरा कशाचे दिले?" हा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलीला गुण कमी मिळाले, ही माझी तक्रार नाही. तिला न ऐकताच ते दिले गेले, ही आहे. ज्या शिक्षकांनी यादीवर सही केली त्यांच्यावरही माझा राग नाही, कारण ते मुळात गणिताचे शिक्षक आहेत. शाळेतील इंग्रजीच्या शिक्षिका मागील वर्षी निवृत्त झाल्या. जूनमधील पालकसभेत आम्हाला सांगितले गेले की महिनाभरात नवीन शिक्षक येतील. पुढच्या सभेत सांगितले की दिवाळीनंतर नक्की येतील. दिवाळीनंतर तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक आले, त्यांनी दीड महिना मनापासून शिकवले आणि मानधन वेळेवर मिळेना म्हणून ते निघून गेले. जानेवारीपासून गणिताचे सर वर्गात गाईड उघडून अपेक्षित प्रश्नांवर खुणा करून देत आहेत. दहावीच्या वर्षात माझ्या मुलीची इंग्रजीची तयारी झाली ती अशी.

ही तयारी जवळून कशी दिसते, ते आपण एकदा पाहावे असे मला वाटते. डिसेंबरमधील एका रात्री ती सराव कृतिपत्रिका सोडवत होती. उतारा एका दीपगृहाच्या रखवालदाराविषयी होता आणि वादळातही त्याने जागा सोडायला नकार का दिला, असा प्रश्न होता. तिने प्रश्नातील 'रिफ्यूज' या शब्दाखाली रेघ मारली, उताऱ्यात तोच शब्द असलेली ओळ बोटाने शोधली आणि ती ओळ व 'बिकॉज'ने सुरू होणारी पुढची ओळ सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. उत्तर बरोबर होते आणि त्याला पूर्ण गुण होते. मी 'रिफ्यूज'चा अर्थ विचारला, तेव्हा ती म्हणाली, "अर्थ नाही माहीत, पण प्रश्नातला शब्द ज्या ओळीत असतो, उत्तर तिथंच असतं." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, कारण तिला हेच इंग्रजी म्हणून शिकवले गेले आहे.

पत्रलेखनाचेही तेच आहे. तारीख कोठे लिहायची, विषयाची ओळ कोठे टाकायची, हा साचा तिला झोपेतही सांगता येतो. उत्तरपत्रिकेत आपली ओळख उघड होऊ नये, हा नियम योग्यच आहे, म्हणून पत्राखाली प्रश्नात दिलेले नाव लिहायचे असते. परंतु त्या साच्याबाहेर तिच्याकडून कोणी काही लिहूनच घेतलेले नाही, त्यामुळे दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या या मुलीने आजवर स्वतःच्या नावाने इंग्रजीत एकही पत्र लिहिलेले नाही.

दहा वर्षे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. राज्यातील सर्व मराठी शाळांमध्ये २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी आमच्या पिढीला ते पाचवीपासून होते. मी स्वतः १९९९ मध्ये दहावी झाले आणि मला इंग्रजीत १०० पैकी ४३ गुण मिळाले. ते मला निबंध आणि पत्रांच्या पाठांतरावर मिळाले होते. तेव्हा शाळेत पेढे वाटले गेले. त्या ४३ गुणांखाली काय होते, ते मला नोकरी लागल्यावर समजले. मी एका खासगी कार्यालयात आवक-जावक पाहते. टेबलावरचा दूरध्वनी वाजला आणि पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलू लागला की मी 'वन मिनिट' म्हणून तो शेजारच्या टेबलावर देत असे. पंधरा वर्षे मी तो दूरध्वनी असा दिला आहे, महोदय. माझ्यानंतर लागलेल्या, माझ्याइतक्याच शिकलेल्या दोघींना बढती मिळाली, कारण त्यांना तो घेता येत होता. काम मला त्यांच्यापेक्षा अधिक येत होते, हे त्या दोघीही मान्य करतात. त्या सगळ्या काळात मला हीच खात्री होती की दोष माझ्या बुद्धीचा आहे. मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी ठरवले होते की हिच्या हातून असा दूरध्वनी कधी दुसऱ्याकडे जाऊ द्यायचा नाही. आज ती माझ्यापेक्षा चार वर्षे अधिक इंग्रजी शिकून त्याच टेबलाशी येऊन उभी आहे.

या विषयाचे १०० गुण म्हणजे लेखी ८० आणि तोंडी २०. लेखी परीक्षेसाठी राज्यात केवढी व्यवस्था उभी केली जाते, ते आम्ही दरवर्षी पाहतो. प्रश्नपत्रिका परिरक्षकाच्या, म्हणजे त्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात असतात, भरारी पथके फिरतात, बैठी पथके केंद्रावर थांबतात, कॉपीमुक्त अभियानाच्या बातम्या येतात. चिठ्ठी सापडलेल्या मुलाचे वर्ष वाया जाते. त्याच विषयातील वीस गुण मात्र न ऐकता, न बोलता, एका यादीवर भरले जातात आणि तेथे एकही पथक येत नाही. ज्याला अठरा गुण असे आयते मिळाले त्याला ३५ ची रेषा गाठण्यासाठी ८० पैकी फक्त १७ गुण लागतात, आणि ओळ शोधून उतरवण्याच्या कौशल्यावर ते सहज मिळतात. अशा रीतीने एखादा विद्यार्थी इंग्रजीचे एक वाक्य न समजता आणि एक वाक्य न बोलता त्या विषयात उत्तीर्ण होऊ शकतो. मुलाने केली तर ती कॉपी आणि यंत्रणेने केले तर अंतर्गत मूल्यमापन, हा भेद मला समजावून सांगावा.

शासनाला हे ठाऊक नाही, असेही म्हणता येत नाही. शाळा हे गुण सढळ हाताने देतात अशी टीका होती आणि मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषांचे तोंडी गुण काढून घेण्यात आले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, हेही त्याचे एक कारण असेल. अन्य मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे का राहावीत, अशी ओरड झाली. ती रास्तच होती, मीही तेव्हा तेच म्हटले असते. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे लक्षात घेऊनही मी विचारते की त्या दोन वर्षांत मुलांचे ऐकणे आणि बोलणे यात कोणता फरक पडला? गुण काढून घेताना मुलांना विचारले नाही आणि परत देताना ते कसे द्यायचे याची पक्की व्यवस्था केली नाही. आजार श्रवण आणि संभाषणाच्या शिकवण्यात होता, आपण उपचार करत राहिलात निकालाच्या टक्केवारीवर.

तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घेणे अशक्य आहे, असे मला शाळेत सांगण्यात आले. म्हणून ती इतरत्र कशी घेतात, ते मी वाचत गेले. केंब्रिजने इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी प्रावीण्य परीक्षा १९१३ मध्ये सुरू केली, तेव्हा तिला अवघे तीन जण बसले होते. ती सुमारे बारा तास चालली आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. त्या पहिल्याच परीक्षेत अर्धा तास श्रुतलेखनाला आणि अर्धा तास प्रकट वाचन व संभाषणाला होता. आज त्यांच्या अगदी प्राथमिक पातळीच्या परीक्षेतही दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात, एक परीक्षक त्यांच्याशी बोलतो, दुसरा केवळ ऐकून गुण देतो, आणि एका जोडीला आठ ते दहा मिनिटे पुरतात. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत अकरा ते चौदा मिनिटांचे संभाषण होते आणि ते ध्वनिमुद्रित केले जाते. त्या परीक्षांचे शुल्क आणि आमच्या शाळेची परिस्थिती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. तरीही हिशेब करून पाहावा. बेचाळीस मुलांच्या एकवीस जोड्या होतात. प्रत्येकीला दहा मिनिटे दिली तर साडेतीन तास लागतात. वर्षातून एका वर्गाला एक सकाळ देता येत नाही, हे मला पटत नाही. ध्वनिमुद्रणासाठी लागणारा मोबाइल तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे, त्यावर रोज कोणती ना कोणती माहिती भरून मागवली जातेच.

आणि हा विषय निव्वळ वीस गुणांपाशी थांबत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला. सहावी ते आठवीसाठी भाषेचा शिक्षक असावा, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. नववी-दहावीची मुले, म्हणजे ज्यांच्यावर पहिल्यांदा सार्वजनिक परीक्षेचा भार पडतो तीच मुले, त्याच्या छत्राबाहेर राहतात. त्यांना शिक्षक मिळणे संचमान्यता (पटावरून शाळेची शिक्षकसंख्या मंजूर करणे), अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन आणि रखडलेली भरती यांवर अवलंबून असते. असलेला शिक्षकही वर्गात पूर्ण वेळ नसतो, कारण निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे त्याच्याच वाट्याला येतात. वर 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची सोय आहे. सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो, आणि आमच्यासारख्या घरांत गळणारा तो विषय बहुधा इंग्रजी असतो. शाळेला शंभर टक्के निकालाचा फलक लावता येतो, पालक समाधानी होतात, शासनाचा आकडा चांगला दिसतो. मग तीच मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत जाते, भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडते आणि पहिल्याच पानावर अडते. तिला त्या दिवशी कोणी सांगत नाही की तिची फसवणूक झाली आहे. तीही माझ्यासारखीच स्वतःच्या बुद्धीला दोष देत बसते.

माझ्या मागण्या फार नाहीत. तोंडी परीक्षेला दुसऱ्या शाळेचा परीक्षक असावा आणि प्रत्येक मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून निकालानंतर काही महिने जपून ठेवावे. गुणपत्रकावर तोंडीचे गुण लेखीपासून वेगळे दाखवावेत, म्हणजे सबंध वर्गाला एकसारखे अठरा कोठे पडतात ते कोणालाही दिसेल. आणि दहावीच्या वर्गाला इंग्रजीचा शिक्षक नसेल तर ती जागा जून महिन्यातच भरली जावी. तासिका तत्त्वावर भरली तर त्या माणसाचे मानधन त्याला दरमहा मिळावे.

याच आशयाचा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला होता. तेथे पोच मिळाली आणि शाळेचे नाव, परीक्षेचा दिनांक व मुलीचा बैठक क्रमांक लिहून दिल्याशिवाय चौकशी करता येणार नाही, असे सांगण्यात आले. ती माहिती मी आज देऊ शकत नाही. ज्या यादीवर ते अठरा गुण पेन्सिलीने लिहिलेले आहेत ती यादी अजून शाळेच्याच हातात आहे आणि माझ्या मुलीची लेखी परीक्षा व्हायची आहे. निकाल लागून गुणपत्रक हातात आल्यावर मी तो अर्ज सर्व नावांसह पुन्हा देईन. तिने शिवणयंत्रावर तयार केलेले तीन मिनिटांचे भाषण मी काल रात्री मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, तेही अर्जासोबत जोडीन. त्यात दोन ठिकाणी ती अडखळली आहे. ते ऐकून कोणीतरी तिला तिचे खरे गुण द्यावेत.

आपली,
दहावीतील एका विद्यार्थिनीची आई