सात भाऊ आणि एक गाव

किल्केनी, आयर्लंड

प्रिय सुन्या,

मंडळाचा चढाईपटू कंपनीच्या संघाने पळवला म्हणून फोनवर एवढा तणतणलास, तेव्हापासून तुला बॅलीहेलबद्दल लिहायचं मनात आहे.

हे गाव आमच्या दक्षिणेला, वॉटरफर्डच्या जुन्या रस्त्यावर. गाडी जरा जोरात असली तर कधी आलं नि गेलं, कळतसुद्धा नाही. खेळ हर्लिंग. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला रुंद होत जाणारी काठी, कातडी चेंडू, पंधरा-पंधरा गडी. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. काठी डोक्याच्या वर फिरवायला कुणाची हरकत नाही, आपल्या हॉकीवाल्यांना घेरीच येईल.

बॅलीहेल, नॉकटॉफर आणि नॉकमॉयलन, एकाच पॅरिशमधली, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीतली, ही गावं 1972 मध्ये एक झाली आणि बॅलीहेल शॅमरॉक्स हा क्लब उभा राहिला. 1978 ला किल्केनी काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, क्लब स्पर्धा जिंकली, 1981 ला थेट अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा. त्या अंतिम सामन्यात कॉर्कच्या सेंट फिनबार्ससमोर फेनेलींचे सात सख्खे भाऊ खेळले. सात! जवळजवळ अर्धा संघ एकाच चुलीवरचं जेवून आलेला.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. इथे खेळाडू विकत घेता येत नाही. ज्या पॅरिशमध्ये वाढलास, त्याच क्लबकडून खेळायचं, आणि तेही फुकट. राहतं घर बदललं तर क्लब बदलता येतो म्हणे, पण सहसा कुणी तसं करत नाही. किल्केनी काउंटीच्या संघाकडून दहा अखिल आयर्लंड पदकं मिळवणारा हेन्री शेफलिन इथलाच, दुसरा नावाजलेला खेळाडू टीजे रीडही इथलाच. खेळणं थांबल्यावर शेफलिन प्रशिक्षक म्हणून परतला आणि 2019, 2020 असे लागोपाठ दोन चषक गावात आणले.

2022 मात्र जिव्हारी लागलं. 2021 ला कोरोनामुळे स्पर्धाच झाली नव्हती, त्यामुळे सलग तिसरा चषक हाताशी होता, निर्धारित वेळ संपून गेलेली, दोन गुणांची आघाडी. आणि वॉटरफर्डच्या बॅलीगनर क्लबच्या हॅरी रडलने शेवटच्या क्षणी गोल मारला. एका गुणाने हरले रे! पुढच्याच मोसमात उपांत्य फेरीत त्याच बॅलीगनरला हरवलं आणि जानेवारी 2023 मध्ये डनलॉयला नमवून नववा चषक घेतला. नऊ दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.

पण लगेच भाळू नकोस. पोरं कामधंद्यासाठी डब्लिनला किंवा परदेशी गेली की हाच नियम लहान गावांच्या गळ्याशी येतो. पंधरा जण जमत नाहीत, मग शेजारच्या क्लबात विलीन व्हावं लागतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी वैर केलं त्यांचीच जर्सी घालावी लागते. मला विचारशील तर तुझ्या मंडळाला हा नियम परवडणार नाही. त्या पोराला नोकरी लागली, घरचं भागलं, हे तूही मान्य करशील.

यायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात ये, काउंटीचे सामने तेव्हाच असतात. काकूंना नमस्कार सांग. आणि त्याच्या जागी आता कुणाला उतरवतोयस, ते कळव.

तुझा,
मंग्या