शाळा हलवता, मग नाल्याचं काय?

संपादक साहेब, पट वीसच्या आत आला म्हणून आमची जिल्हा परिषदेची शाळा तीन किलोमीटरवरच्या गावात हलवायचं चाललं आहे, त्यावरून ग्रामसभेत पालकांचे दोन गट पडले. तिकडं वर्गाला वेगळे गुरुजी आहेत, इथं एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, हे खरंच. पण आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे ना? मधात नाला आहे, पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जाते, अन् कपाशी वाढली की रानडुकरं केव्हा आडवी येतील नेम नाही. गाडी देऊ म्हणतात, ती शेतातल्या कच्च्या पांदणीत फसली तर सहा वर्षांचं पोट्टं ढकलणार का? ज्यांचे पोट्टे कॉन्व्हेंटच्या व्हॅननं जातात तेच सभेत जास्त बोलतात बाप्पा. आधी नाल्यावर पूल करा.

- एक पालक, जि. यवतमाळ