निम्मं म्हणजे किती?

फोंडा,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारी आलं. लेकीच्या घटस्फोटाचं वाचून वाईट वाटलं, पण ‘चार लोकांत आता तोंड कसं दाखवू’ असं लिहिलंयस ते वाचून तुझाच राग आला. तोंड तू का लपवायचं? असो, रागावण्यासाठी पत्र लिहीत नाही.

तू विचारलंयस, गोव्यात म्हणे घटस्फोटात बायकोला सगळ्याचं निम्मं मिळतं, मग पुण्यात का नाही? आणि माझ्या घटस्फोटाला दहा-बारा वर्षं झाली तरी कधी तोंडातून काढलं नाहीस ते विचारलंयस, मी ते निम्मं दिलं तेव्हा मला कसं वाटलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लुबाडल्यासारखं वाटलं.

आमच्याकडचा हा कायदा पोर्तुगीजांचा. 1867 ची त्यांची दिवाणी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि मुक्तीनंतर 1962 च्या कायद्यानं ती तशीच राहिली. लग्नाच्या आधी रजिस्ट्रारकडे सह्या करायच्या असतात, पुन्हा काही दिवसांनी कायम करायला जायचं. लग्नाआधी वेगळा करार करून ‘तुझं तुझं, माझं माझं’ ठरवता येतं, तो करार नंतर बदलता येत नाही. करार केलाच नाही, तर दोघांचं सगळं एक: लग्नाआधीचं, नंतरचं, बापाकडून आलेलं, कर्जसुद्धा. आम्ही सह्या केल्या त्या दिवशी माझं सगळं लक्ष फोटोवाला वेळेवर येतो की नाही याकडे होतं. कराराचं कोणी विचारलं नाही, मीही नाही. कोण विचारतो रे लग्नात?

तर माझं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. तू आलास तेव्हा पाटात पाय सोडून बसला होतास तेच. आई-बाबा गेल्यावर बहिणींनी आपले हक्क सोडले, एक पैसा न घेता. ‘दादा, माहेर शाबूत राहू दे’ एवढंच म्हणाल्या. ते कुळागर माझ्या नावावर आलं आणि त्याच क्षणी कायद्यानं त्यातलं अर्धं बायकोचं झालं. मला हे कळलं तेव्हा घटस्फोट ठरलेला होता. बाबांनी जिवंतपणी दानपत्र करून ‘हे मुलाचं, सुनेचा यात वाटा नाही’ अशी अट घातली असती, तर ते वाटणीत आलंच नसतं. पण बाबांना असं काही सुचणार नव्हतं, ते सुनेच्या हातची सोलकढी पिऊन गेलेले.

मोठी बहीण तेव्हा फोनवर जे बोलली ते लिहीत नाही. तिच्या बाजूनं पाहिलं तर चूक नव्हतं. तिनं वाटा सोडला तो भावासाठी, घर मोडणाऱ्या सुनेसाठी नाही. (घर मी मोडलं की बायकोनं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.)

मग कोर्टातली वाटणी, म्हणजे इन्व्हेंटरी. आता 2012 सालचा गोव्याचा आपला कायदा आहे, 2016 च्या डिसेंबरपासून लागू, आमचं मात्र जुन्याच पद्धतीनं झालं. सगळ्या मालमत्तेची यादी करायची, किमती लावायच्या, मग वाटप. यादी म्हणजे काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. घर, कुळागर, बँकेतल्या ठेवी, स्कूटर, तिचं शिलाई मशीन, आणि न्हाणीतलं आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं भाण. भाणाची किंमत लावली दीड हजार. त्याच्यावरून दोन तारखा गेल्या. वकिलांनी घेतलेल्या पैशांत तसली चार भाणी आली असती, पण मला ते सोडायचं नव्हतं आणि मला सोडायचं नाही हे दिसल्यावर तिलाही.

घर आणि कुळागर कापून वाटता येत नाही. अशा वेळी दोघांनी आपसात बोली लावायची, जो जास्त बोलेल त्यानं वस्तू घ्यायची आणि आपल्या अर्ध्याहून जास्त गेलं त्याचे पैसे दुसऱ्याला द्यायचे. लिसिटेशन म्हणतात. कोर्टाच्या खोलीत समोरासमोर बसून ज्या बाईबरोबर चौदा वर्षं जेवलो तिच्याविरुद्ध मी स्वतःच्याच बागेचा भाव चढवत होतो. घर सोळा लाखांना माझ्याकडे आलं, तिनं फारसं ताणलं नाही. कुळागराची किंमत लावली होती अठरा लाख. ती वीस म्हणाली. मला वाटलं चिडवतेय. मी बावीस. ती चोवीस. मी बत्तीस म्हटल्यावर ती थांबली, तेही तिच्या वकिलानं कानात काहीतरी सांगितलं म्हणून. दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस, म्हणजे चोवीस लाख मी तिला द्यायचे. अर्धे कर्जानं उभे केले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, ‘तुला सुपारीचं काय करायचं होतं?’ ती म्हणाली, ‘जे चौदा वर्षं केलं तेच.’

मी पणजीला नोकरीला होतो हे तुला ठाऊकच आहे. सकाळी सातची बस आणि रात्री आठला घरी. पाटाचं पाणी कुठल्या वाफ्याला कधी फिरवायचं, मिरवेल कुठल्या माडावर चढवायची, नारळ-सुपारी उतरवणाऱ्या पाडेल्याला किती द्यायचे, सुपारीवर कोळे रोग आला की फवारणी कधी, हे तिला माहीत होतं. मी रविवारी पाहुण्यांना बाग दाखवायचो. जो हिशेब आम्ही कागदावर मांडला त्यात माझ्या नावापुढे पगार होता, वारसा होता, तिच्या नावापुढे शिलाई मशीन. आणि तरी निम्मं तिचं, कारण गोव्याचा कायदा विचारतच नाही की कुणी किती आणलं. त्यानं सिद्ध करायला लावलं असतं तर ती काय दाखवणार होती, पाण्याच्या पाटाच्या पावत्या?

त्या निम्म्याबद्दल माझं मत आता असं आहे: नोकरी, घर, बागेचं उत्पन्न, यातलं निम्मं तिचंच होतं. वारशाबद्दल मात्र माझं मन अजून डळमळतं. बहिणींकडे बघितलं की वाटतं, लग्नानंतर मिळवलेलं तेवढंच एकत्र धरलं असतं तर बरं. तसा पर्यायही त्या करारात असतो. आणि आमचा कायदा काही देवदूत नाही. त्यात मालमत्ता दोघांची असली तरी कारभार नवऱ्याच्या हातात दिलाय, बायकोची सही लागते ती जमीन-घर विकताना. इन्कम टॅक्सवाले आम्हा गोव्याच्या जोडप्यांचं व्याज-भाडं निम्मं-निम्मं मोजतात, पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणजे तिथंही पगाराला वेगळं पान.

आता तुझ्या लेकीचं. गोव्यात लग्न लावलं असतं तर, हा विचार सोड. मंडप कुठं होता यावर हे ठरत नाही, माणूस कुठला यावर ठरतं. गोवेकराच्या वारशाची वाटणी तर त्याची मालमत्ता भारतात कुठंही असली तरी आमच्याच संहितेनं होते, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं म्हटलंय. पण तुमचा जावई गोव्याचा नाही, मग त्याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात ज्याच्या नावावर त्याचं. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली कोर्ट ठरवू शकतं, स्त्रीधन तिचं एकटीचं, पोटगी वेगळी. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, कायदा काही झाला नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, 2023 मध्ये, मद्रास उच्च न्यायालयानं एका खटल्यात म्हटलं की परदेशात नवरा कमवत असताना घर सांभाळणाऱ्या बायकोचाही त्या मिळकतीत बरोबरीचा वाटा आहे. चांगलंच म्हटलं, पण पुण्याच्या कोर्टाला ते बांधील नाही.

म्हणून तू लिहिलंयस त्यातली एकच गोष्ट मला खटकली. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून आणि किराणा, शाळेची फी, आईबापांची औषधं तिच्या पगारातून. घरात सगळे म्हणत राहिले, ‘त्यानं घर घेतलं.’ तिनं किराणा भरला नसता तर त्याचा हप्ता कशातून गेला असता? हे कोर्टाला तोंडानं सांगून चालत नाही. तिचे सगळे जुने बँक स्टेटमेंट काढ, लग्नाच्या वर्षापासूनचे. फ्लॅटची सुरुवातीची रक्कम तुम्ही दिली होती ना, त्या रकमेचा चेक शोध. दागिन्यांच्या पावत्या, नाहीतर लग्नाचे फोटो, गळ्यातले दिसतील असे. आणि पोटगीचा अर्ज होईल तेव्हा दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते सगळ्या देशासाठी ठरवलंय. त्याचं प्रतिज्ञापत्र वकिलाबरोबर बसून ओळ न ओळ वाचा.

आणि तिला म्हणावं, भांड्यांवरून तारखा घालवू नकोस.

भाण माझ्याकडे आहे. न्हाणीत आता गिझर बसवलाय, तिकडे कोणी ते तापवत नाही. मागच्या पावसात त्याला बाजूला भोक पडलं, कासाराकडे न्यायचं राहूनच जातंय.

चतुर्थीच्या आधी लेकीला घेऊन ये. चार दिवस राहा. कागद घेऊन या, फोनवर हे नाही होणार.

तुझा,
फोंड्याचा