उंदराच्या यकृतावरून तेलाचं लेबल लिहू देऊ नका

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

‘हे तेल रोज घ्या, कीटकनाशकाची बाधा होत नाही, प्रयोगांनी सिद्ध झालंय’ अशा दाव्यांबद्दल लिहितोय. दावा निव्वळ हवेतला असता तर पत्राची गरज नव्हती. अडचण अशी, की त्यात थोडं खरं आहे.

क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक दिलेल्या उंदरांना कलौंजीचं किंवा ऑलिव्हचं तेल पाजलं, की अनेक प्रयोगांत यकृताची हानी कमी दिसते. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एएलटी, एएसटी ही विकरं (एन्झाइम) कमी चढतात, पेशींना वाचवणारं ग्लुटाथायोन टिकतं. कलौंजीतल्या थायमोक्विनोन या घटकाला याचं बरंचसं श्रेय दिलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे.

पण प्रयोग होतो कसा, तेही बघा. तेल नळीने थेट जठरात सोडतात, वजनाच्या हिशेबाने, बहुधा विषाच्या आधी किंवा सोबतच. कीटकनाशक पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून तेही पुष्कळदा मक्याच्या तेलात कालवूनच देतात. म्हणजे वहीत ज्याच्यापुढे ‘फक्त विष’ लिहिलंय, त्या उंदराच्या पोटातही तेल असतंच! मग वाचवलं ते नेमकं कशाने? तेवढ्याच मापाचं दुसरं साधं तेल दिलेला गट नसेल, तर सांगता येत नाही. असा गट बऱ्याचदा नसतो.

शिवाय या विषाचा मुख्य घाव यकृतावर नसतोच. ते अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंचं काम सुरळीत ठेवणारं विकर बंद पाडतं; लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. तिथे अ‍ॅट्रोपिन लागतं, प्रॅलिडॉक्झिम लागतं, म्हणजे उताऱ्याची औषधं. चमचाभर तेलाने वेळ तेवढा जातो. एंडोसल्फान, लिंडेनसारख्या दुसऱ्या जातीच्या कीटकनाशकांत तर स्निग्ध पदार्थ पोटात गेला की विष जास्तच शोषलं जातं.

म्हणून खाद्यतेलाच्या लेबलवर आणि जाहिरातीत विषबाधेपासून संरक्षणाचा दावा करायला सरळ मनाई करा. संशोधन मात्र थांबवू नका. अनुदान देताना दुसऱ्या तेलाच्या गटाची आणि विष दिल्यानंतर तेल पाजून पाहण्याची अट घाला. आणि कीटकनाशकाच्या परवान्याच्या फाइलीत ‘आहारातून बचाव शक्य’ असं वाक्य कुणी घुसवलं, तर ते तिथल्या तिथे खोडा.

आपला,
विषशास्त्राचा एक संशोधक