बदकांची नोंद करताना पंख जरूर पाहा
सदस्यांनो, हिवाळ्याच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पाहुणी बदकं उतरू लागली की आपल्या नोंदींत माद्याच माद्या दिसतात. त्या सगळ्या माद्या नसतात! विणीनंतर नरांची रंगीत पिसं झडतात आणि काही महिने तेही मादीसारखे तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या नराची ठळक पांढरी भुवई तर बरीच उशिरा उमटते. त्यामुळे नुसत्या अंगाच्या रंगावर विसंबू नका. जात ओळखायला बदक पंख झटकताना पंखावरचा पट्टा टिपा: चक्रांग बदकाचा हिरवा, मलिन बदकाचा पांढरा. थापट्या बदक पसरट चोचीवरूनच कळतं. हळदी-कुंकू बदकात नर-मादी जवळपास सारखेच, तिथे लिंग लिहू नये. शंका असल्यास फक्त जात नोंदवा. आणि फोटोसाठी थवा उडवू नका, ही कळकळीची विनंती.